अमिनो ॲसिडचा चार्ज काढताना कुठे कुठे गंडतं: या चुका टाळा

लायसिनचा पीआय (ज्या पीएचला नेट चार्ज शून्य होतो तो) ७.२२ आला, पण उत्तरात ९.७४ दिलंय, उत्तर चुकीचं छापलंय का? हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. नाही, उत्तर बरोबर आहे, तुम्ही तिन्ही पीकेएंची (पीकेए म्हणजे ज्या पीएचला त्या ग्रुपवर निम्म्या रेणूंमध्ये प्रोटॉन असतो तो) बेरीज करून तीनने भागलेत म्हणून ७.२२ आलंय. पण "सरासरी दोघांचीच काढायची" एवढं सांगून भागत नाही, कारण मग पुढचा प्रश्न येतो की कुठल्या दोघांची, आणि तिथे परत अंदाजपंचे सुरू होतं. खरा घोळ त्याच्या बराच आधी झालेला असतो, म्हणून तिथूनच सुरू करू.

प्रोटॉन आहे म्हणजे प्लस आहे, असं नाही

पीकेए फक्त एवढंच सांगतो की प्रोटॉन ग्रुपवर आहे की निघून गेलाय. पीएच पीकेएपेक्षा कमी असेल तर बहुतेक रेणूंमध्ये प्रोटॉन त्या ग्रुपवर बसलेला असतो, जास्त असेल तर बहुतेकांमध्ये तो गेलेला असतो. बास. चार्ज किती हे त्यातून कळत नाही, ते तो ग्रुप कुठला आहे त्यावरून कळतं. आणि बरेच जण "पीएच कमी म्हणजे प्लस, पीएच जास्त म्हणजे मायनस" असं अर्धवट पाठ करून बसतात आणि मग कार्बॉक्सिलवर सुद्धा प्लस लिहून मोकळे होतात.

दोन गट डोक्यात पक्के करा. पहिला गट म्हणजे प्रोटॉन असताना शून्य, प्रोटॉन गेला की मायनस एक. यात टोकाचा कार्बॉक्सिल, ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ॲसिडच्या साइड चेन (प्रत्येक अमिनो ॲसिडची स्वतःची वेगळी बाजूची शाखा), सिस्टीनचा थायॉल आणि टायरोसिनचा फिनॉल येतो. दुसरा गट म्हणजे प्रोटॉन असताना प्लस एक, प्रोटॉन गेला की शून्य. यात टोकाचा अमिनो ग्रुप, लायसिन, आर्जिनिन आणि हिस्टिडिन. पहिल्या गटातलं कोणी कधीच प्लस होणार नाही, दुसऱ्यातलं कधीच मायनस होणार नाही.

टायरोसिन आणि लायसिन शेजारी ठेवून बघा, लगेच पटेल. टायरोसिनच्या साइड चेनचा पीकेए १०.०७, लायसिनच्या साइड चेनचा १०.५३, म्हणजे आकडे जवळपास सारखेच. पीएच ७ ला दोघांवरही प्रोटॉन बसलेला आहे. पण टायरोसिनच्या साइड चेनवर चार्ज शून्य आणि लायसिनच्या साइड चेनवर प्लस एक. आकडा सारखा, उत्तर वेगळं. नुसता पीकेएचा तक्ता बघून चार्ज लिहिणाऱ्यांचं इथेच चुकतं.

याचाच जुळा भाऊ म्हणजे नायट्रोजन दिसला की प्लस द्यायची सवय. ॲस्पॅराजिन आणि ग्लुटामिनमधला नायट्रोजन अमाइडचा आहे, त्याच्यावर नेहमीच्या पीएचला प्रोटॉन बसत नाही. ट्रिप्टोफॅनच्या रिंगमधला पण तसाच, चार्ज नाही. प्रोलिनचा नायट्रोजन मात्र रिंगमध्ये असला तरी तोच त्याचा टोकाचा अमिनो ग्रुप आहे, त्यामुळे एकटं प्रोलिन असेल तर प्लस येतो. आणि सेरिन, थ्रिओनिनचा ओएच बघून मायनस देऊ नका, तो पाण्यात नेहमीच्या पीएचला प्रोटॉन सोडत नाही.

पीएच ७ न्यूट्रल, मग अमिनो ॲसिड पण न्यूट्रल?

नाही. २५ अंशांना ७ हा पाण्याचा न्यूट्रल बिंदू आहे, अमिनो ॲसिडला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पीएच ७ ला ॲस्पार्टिक ॲसिडचा नेट चार्ज मायनस एक असतो आणि लायसिनचा प्लस एक. प्रत्येकाचा शून्याचा बिंदू वेगळा, त्यालाच पीआय म्हणायचं.

आणि पीआयला नेट चार्ज शून्य म्हणजे रेणूवर चार्जच नाही असंही नाही. पीआयला ग्लायसिन काढायला सांगितलं की कित्येक जण एका बाजूला एनएचटू आणि दुसऱ्या बाजूला सीओओएच काढतात, मार्क जातात आणि का गेले ते कळत नाही. पीआयला ग्लायसिन झ्विटेरायन असतं, एका टोकाला पूर्ण प्लस, दुसऱ्याला पूर्ण मायनस, बेरीज शून्य. तो बिनचार्जचा रेणू पाण्यात कुठल्याच पीएचला मुख्य रूप होत नाही, का ते बघा: कार्बॉक्सिलवर प्रोटॉन टिकवायचा तर पीएच २.३४ च्या खाली न्यावा लागेल, पण तिथे अमिनो ग्रुपवर प्रोटॉन असणारच, आणि अमिनो ग्रुपचा प्रोटॉन काढायला ९.६० च्या वर जावं लागेल, तिथे कार्बॉक्सिलचा प्रोटॉन केव्हाच गेलेला असतो. दोन्ही अटी एकदम पूर्ण होतच नाहीत. जाता जाता, ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.७६ असताना ग्लायसिनच्या कार्बॉक्सिलचा २.३४ का, तर शेजारी प्लस चार्ज बसलाय, तो मायनसला आधार देतो, म्हणून प्रोटॉन लवकर सुटतो.

आता तो पीआय

कुठले दोन पीकेए घ्यायचे हे पाठ करायचं नाही, शिडी लिहायची. अगदी कमी पीएचपासून सुरू करा, तिथे सगळ्या ग्रुपवर प्रोटॉन आहे. तिथला चार्ज लिहा आणि मग एकेक पीकेए चढत्या क्रमाने ओलांडा, प्रत्येक वेळी चार्ज एकने कमी होतो. जिथे चार्ज शून्य आहे त्या पायरीच्या खालचा आणि वरचा असे दोनच पीकेए घ्यायचे.

लायसिन: सुरुवात प्लस दोन, २.१८ ओलांडला की प्लस एक, ८.९५ ओलांडला की शून्य, १०.५३ ओलांडला की मायनस एक. शून्याची पायरी ८.९५ आणि १०.५३ च्या मध्ये, सरासरी ९.७४. ॲस्पार्टिक ॲसिड: सुरुवात प्लस एक, १.८८ नंतर शून्य, ३.६५ नंतर मायनस एक, ९.६० नंतर मायनस दोन, म्हणून १.८८ आणि ३.६५ ची सरासरी, २.७७. हिस्टिडिनला सुरुवात प्लस दोनने, १.८२ नंतर प्लस एक, ६.०० नंतर शून्य, ९.१७ नंतर मायनस एक, पीआय ७.५९.

सिस्टीन आणि टायरोसिनला हमखास फसतात. सिस्टीनचे पीकेए १.९६, ८.१८ आणि १०.२८, वरचे दोन जवळजवळ दिसतात म्हणून लोक लायसिनसारखं त्या दोघांची सरासरी काढतात. पण सिस्टीनची सुरुवात प्लस एकनेच होते, कारण थायॉल पहिल्या गटातला आहे, त्यामुळे १.९६ ओलांडला की लगेच शून्य. पीआय ५.०७. टायरोसिनचं तसंच, २.२० आणि ९.११, उत्तर ५.६६ च्या आसपास.

उत्तर आलं की ते तपासायची सोपी युक्ती आहे, काढलेला पीआय परत पीएच म्हणून घाला आणि चार्ज मोजा. लायसिनच्या त्या ७.२२ ला मोजून बघा, कार्बॉक्सिल मायनस एक, दोन्ही अमिनो जवळजवळ पूर्ण प्लस, नेट साधारण प्लस एक. शून्य आला नाही म्हणजे तो पीआय नव्हेच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण करत कोणी नाही.

पीआय आणि पीकेए यांचीच आपसात गल्लत करणारेही खूप. पीकेएला तो ग्रुप अर्धा प्रोटॉनसकट, अर्धा प्रोटॉनविना असतो, तिथे टायट्रेशनचा (थोडं थोडं अल्कली घालत पीएच मोजण्याचा) आलेख सपाट असतो आणि बफर (पीएच फारसा हलू न देणारं द्रावण) म्हणून सगळ्यात चांगलं काम होतं. ग्लायसिनच्या पीआयला मात्र उलट, तिथे आलेख उभा चढतो. त्यामुळे "पीआयला ग्लायसिन स्थिर असतं" म्हणून पीएच ६ ला ग्लायसिनचा बफर करायला गेलात तर थेंबभर ॲसिडने पीएच धाडकन खाली येईल. ग्लायसिन बफर म्हणून २.३४ किंवा ९.६० च्या एक युनिट आगेमागेच वापरायचं.

सगळं किंवा काहीच नाही, असा हिशोब

पीएच पीकेएच्या वर गेला की प्रोटॉन एकदम सगळ्यांचा जातो असं धरून चालतात. पीकेएपासून दोन युनिट लांब असाल तर चालतं, कारण तिथे ९९ टक्के एकाच रूपात असतात. एक युनिटवर प्रमाण १० ला १, म्हणजे साधारण ९१ आणि ९ टक्के. त्याच्याही जवळ आलात तर अपूर्णांकात चार्ज लिहावाच लागतो.

समीकरण सगळ्यांना येतं: पीएच = पीकेए + लॉग (प्रोटॉन गेलेलं रूप ÷ प्रोटॉन असलेलं रूप). गडबड होते ती वरखाली उलटं लिहिण्यात. हिस्टिडिनच्या साइड चेनचा पीकेए ६.००, पीएच ७ ला प्रोटॉनवाले फक्त ९ टक्के, म्हणजे तिच्यावर सरासरी चार्ज प्लस ०.०९. उलटं लिहिलं तर प्लस ०.९१ येतो. आकडा लिहायच्या आधी एवढंच विचारा, पीएच पीकेएच्या वर आहे ना? मग प्रोटॉन गेलेलेच जास्त हवेत. ०.०९ म्हणजे प्रत्येक रेणूवर इतकुसा चार्ज असतो असं मात्र नाही, एका क्षणाला शंभरातल्या नऊंवर पूर्ण प्लस एक आणि बाकीच्यांवर शून्य, आणि प्रोटॉन सतत येत जात असतो.

पेप्टाइड आलं की मोजणीच बदलते

पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी. दोघांना जोडणारा पेप्टाइड बाँड झाला की त्यातला अमिनो आणि कार्बॉक्सिल दोन्ही अमाइड होतात, त्यांचा चार्ज संपला. उरतं काय, तर एक अमिनो टोक, एक कार्बॉक्सिल टोक आणि साइड चेन. तरीही चार अमिनो ॲसिडचे चार वेगवेगळे चार्ज काढून बेरीज मारणारे दिसतातच. दुसरं म्हणजे टोकांचे पीकेए सुट्या अमिनो ॲसिडसारखे राहत नाहीत, अमिनो टोक साधारण ८ वर उतरतं आणि कार्बॉक्सिल टोक ३.३ च्या आसपास चढतं, कारण दोन्ही टोकं आता एकमेकांपासून लांब गेली.

ॲलानिन, लायसिन, ग्लुटामिक ॲसिड, हिस्टिडिन अशी साखळी घ्या, पीएच ६. अमिनो टोक प्लस ०.९९, लायसिन प्लस १, हिस्टिडिन बरोब्बर पीकेएवर म्हणून प्लस ०.५, ग्लुटामिक मायनस ०.९८, कार्बॉक्सिल टोक जवळपास मायनस १. नेट प्लस ०.५. पीएच ७ ला हीच साखळी जवळजवळ शून्यावर येते.

प्रोटीनमध्ये तर तक्त्यातला आकडा फक्त अंदाज समजा. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइममध्ये ३५ नंबरच्या ग्लुटामिक ॲसिडचा पीकेए ६.२ च्या आसपास आहे, जो तक्त्यात ४.२५ असतो, कारण ते पाण्यापासून दूर, तेलकट परिसरात दडलंय आणि तिथे मायनस चार्ज घेऊन बसणं अवघड. म्हणूनच पीएच ५ ला त्याच्यावर प्रोटॉन असतो, तर समोरच्या ५२ नंबरच्या ॲस्पार्टिकवरचा गेलेला असतो, आणि एन्झाइमचं काम या फरकावरच चालतं. आर्जिनिनचा १२.४८ तर जुनाच आकडा आहे, २०१५ मधल्या मोजणीत तो १३.८ च्या आसपास निघाला. चार्ज काढायला फरक पडत नाही, पेशीत ते दोन्ही आकड्यांनी प्लसच.

लॅबमध्ये अडलं तर

हिस्टिडिन पाण्यात विरघळवलं आणि पीएच ७.६ च्या ऐवजी ४ च्या आसपास आला, तर मीटरला शिव्या घालायच्या आधी बाटलीवरचं लेबल वाचा. बहुधा ते मोनोहायड्रोक्लोराइड मीठ असतं, म्हणजे रेणू प्लस एक रूपात आहे, आणि प्लस एकची पायरी १.८२ आणि ६.०० च्या मध्ये, सरासरी ३.९. शिडी इथेही कामाला येते. वजन करतानाही मिठाचंच मोलर मास घ्या.

टायरोसिन विरघळत नसेल तर आणखी पाणी ओतून फारसा उपयोग नाही, २५ अंशांना लिटरमध्ये अर्धा ग्रॅमही जेमतेम जातं. पीआयच्या आसपास विद्राव्यता सगळ्यात कमी असते, म्हणून थोडं ॲसिड किंवा अल्कली घालून नेट चार्ज आणा, विरघळेल. पण नंतर पीएच परत मधोमध आणलात तर तळाशी पांढरं बसणार, तेव्हा चकित होऊ नका.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये ठिपके उलट दिशेला गेले तर आधी ॲनोडची खात्री करा, इथे ॲनोड म्हणजे प्लस इलेक्ट्रोड. बॅटरीत ॲनोड मायनस शिकलेलं असतं, त्यातून हा गोंधळ होतो. पीएच ६ ला ॲस्पार्टिक ॲनोडकडे, लायसिन कॅथोडकडे, ग्लायसिन जिथे ठेवलं तिथेच साधारण राहतं.

शेवटचं तापमानाचं. कार्बॉक्सिलचा पीकेए तापमानाने फारसा हलत नाही, अमिनोचा मात्र चांगलाच हलतो, आणि ट्रिस हा लॅबमधला नेहमीचा बफर अमिनोवरच चालतो, दर अंशाला साधारण ०.०२८ ने. २५ अंशांना ८.० ला लावलेला ट्रिस ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.६ च्या जवळ जातो, आणि सिस्टीनच्या थायॉलचा पीकेए ८ च्या आसपास असल्यामुळे त्याचा चार्ज तेवढ्यात बदलू शकतो. म्हणून पीएच लावायचा तो जिथे काम करणार त्याच तापमानाला, आणि मीटर पण त्याच तापमानाला कॅलिब्रेट करून.