रविवारी येण्याआधी लॅपटॉपवर ईआरपीनेक्स्ट उभं करून ठेवा

रविवारी माहीमला माझ्या घरी आपण आठ जण बसणार आहोत ते एकाच कामासाठी. लालबागच्या बचतगटातल्या ताईंना मसाल्याचं बिल मराठीत छापून हवंय, आणि ते ईआरपीनेक्स्ट या धंद्याचे हिशेब सांभाळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधून नीट निघालं पाहिजे. तेव्हा प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते आधीच चालू असायला हवं. चालू म्हणजे ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान आलं, आत शिरता आलं आणि एक बिल पीडीएफ होऊन बाहेर पडलं. हे शनिवारी रात्रीपर्यंत व्हावं. मागच्या खेपेला एका हॉलवर अकरा लॅपटॉप एकाच वायफायवर डाउनलोड करत बसले आणि जेवायची वेळ झाली तरी तिघांचंच पुरं झालं होतं. बदलापूरहून आलेली एक मुलगी कोडची एक ओळही न लिहिता परत गेली. ते मला फार लागलं. म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी आवृत्ती. आपण सगळे आवृत्ती १५ वर काम करणार. फ्रापे फ्रेमवर्क (ज्याच्या पायावर ईआरपीनेक्स्ट उभं आहे) आणि ईआरपीनेक्स्ट हे दोन वेगळे रेपो, म्हणजे कोडचे साठे, आहेत, आणि दोन्हींची ब्रँच (कोडची शाखा) आवृत्ती १५ चीच हवी. एक १५ आणि दुसरा डेव्हलप, म्हणजे अजून घडत असलेली ब्रँच, असं झालं की पुढे अर्थ न लागणाऱ्या एरर येतात आणि माणूस नको तिथे शोधत बसतो. आवृत्ती १५ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं आणि नोड १८ लागतं. उबुंटू २२.०४ असेल तर पायथन ३.१० आयतंच मिळतं, पण त्याच्या स्वतःच्या भांडारातलं नोड १२ आहे, ते चालणार नाही. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाका, त्यातून नोड १८ घ्या आणि मग यार्न (जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणारं साधन). उबुंटू २४.०४ वाल्यांना बेंच (फ्रापेची साइट आणि अॅप उभी करणारं आज्ञांचं साधन) इन्स्टॉल करताना पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) अडवेल, कारण तिथे सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट काही टाकू देत नाहीत. जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. पिपएक्सने (ते प्रत्येक साधन वेगळ्या जागेत टाकतं) बेंच टाका, पाथ नोंदवायची आज्ञा द्या, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. ही शेवटची पायरी राहते आणि लोक म्हणतात, बेंच सापडतच नाही.

विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्यावं आणि सगळं काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करावं. सी ड्राइव्हवर रेपो ठेवला तर चालतो, पण प्रत्येक फाइलला दोन सिस्टिममधून ये-जा करावी लागते आणि बिल्ड रडतखडत होतो. रॅम आठ जीबी असू द्या. डब्ल्यूएसएल त्यातली निम्मीच स्वतःकडे घेतं, तेव्हा बिल्डच्या वेळी ब्राउझरचे टॅब बंद ठेवा. बिल्ड मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबला तर कोडमध्ये दोष शोधू नका, मेमरी संपलेली असते.

आता डेटाबेस. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मारियाडीबी हा डेटाबेस १०.६ किंवा वरच्या आवृत्तीचा घ्या. उबुंटूवर त्याचा रूट (मुख्य) वापरकर्ता पासवर्डने आत जात नाही, फक्त सुडोने (अॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा देऊन) जातो. नवीन साइट बनवताना बेंच मात्र रूटचा पासवर्ड मागतो. तुम्ही कुठलाही पासवर्ड दिलात तरी १६९८ क्रमांकाची एरर येते आणि आपण पासवर्ड विसरलो असं वाटतं. विसरलेले नसता, तो कधी ठेवलेलाच नसतो. सुडोने मारियाडीबीत जा, रूटला पासवर्ड द्या, तो वहीत लिहा. मग सेटिंगच्या फाइलमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आणि कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. हे साइट बनवण्याच्या आधी करायचं.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट हाताने करून बघा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. ‘क्षितिज’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा धरतो, पण संगणकाच्या हिशेबी क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी ती सात चिन्हं आहेत, म्हणजे एकवीस बाइट. फ्रापेत साध्या मजकुराच्या रकान्याला मुळात १४० चिन्हांची मर्यादा असते. इंग्रजी नाव ऐसपैस बसतं तिथे मराठी पत्ता कधी कधी मध्येच अडतो. बिलावर पत्ता कुठे घ्यायचा हे ठरवताना रविवारी हे लागणार आहे.

रेडिस (तात्पुरता डेटा मेमरीत ठेवणारं साधन) टाकलं की बेंच इनिट ही आज्ञा चालवा आणि चहा करायला जा, कारण खरा वेळ इथेच जातो. मग न्यू-साइटने नवीन साइट बनवा. साइटच्या नावाचा शेवट डॉट लोकलहोस्ट असा ठेवा. क्रोम आणि फायरफॉक्स ते नाव आपल्याच मशिनवर नेतात, होस्ट्स फाइल उघडायची गरज पडत नाही. गेट-अॅपने ईआरपीनेक्स्ट आणायचं, इन्स्टॉल-अॅपने ते साइटवर चढवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. डेव्हलपर मोड चालू करा, मग बेंच स्टार्ट. ते टर्मिनल उघडंच राहू द्या. पोर्ट ८००० व्यापलेला आहे असं आलं तर जँगोचा (पायथनच्या दुसऱ्या एका वेब फ्रेमवर्कचा) जुना प्रोजेक्ट कुठे चालू राहिलाय का ते पाहा, त्याचाही पोर्ट तोच असतो. एनजिनएक्स, सुपरव्हायझर ही खऱ्या सर्व्हरवर लागणारी साधनं सध्या नकोत. पहिल्या लॉगिननंतरच्या फॉर्मात देश भारत, चलन रुपया, आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून.

पुढचं काम टाळू नका, कारण आपण जमतोय ते त्यासाठीच. दोन-तीन वस्तू टाका: संकेश्वरी मिरची, दगडफूल, ज्येष्ठमध. ग्राहकाच्या पत्त्यात ‘दुसऱ्या मजल्यावर’ असं मुद्दाम लिहा, म्हणजे ‘ऱ्य’ नीट उमटतो का ते कळेल. बिल करा आणि पीडीएफ काढा. पडद्यावर सगळं सुंदर दिसतं, पीडीएफमध्ये मात्र अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. डब्ल्यूएसएलवर हे हमखास होतं. ब्राउझर विंडोजचा फॉन्ट वापरतो, पीडीएफ लिनक्सच्या आत तयार होतं, आणि त्या लिनक्सला मराठी फॉन्ट ठाऊकच नसतो. लोहित देवनागरी टाका किंवा मुंबईच्याच एक टाइपने केलेला मुक्ता, आणि फॉन्टची कॅश ताजी करा. एफसी-लिस्ट या आज्ञेला मराठीचा भाषा-कोड देऊन विचारलं की यादीत नाव येतं. नाव आलं नाही तर पीडीएफमध्ये अक्षरही येणार नाही.

पीडीएफ करणारं डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ उबुंटूच्या भांडारातून घेऊ नका. त्यात दुरुस्त केलेलं क्यूटी (ते ज्यावर चालतं ती लायब्ररी) नसतं आणि बिलाचे हेडर-फूटर गायब होतात. त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरची ०.१२.६ आवृत्ती घ्या आणि व्हर्जन विचारल्यावर ‘विथ पॅच्ड क्यूटी’ असं उत्तर येतंय ना ते वाचा. हे साधन आता कुणी पुढे नेत नाही, पण आवृत्ती १५ ला तेच लागतं.

गिटचं थोडक्यात. बेंचने आणलेल्या रेपोत मूळ रेपोचं नाव अपस्ट्रीम असतं, तुमचा फोर्क (रेपोची तुमची स्वतःची प्रत) ओरिजिन म्हणून जोडा. बिलाच्या नमुन्यासाठी आवृत्ती १५ पुरे. पण कुणाला मूळ प्रकल्पात दुरुस्ती पाठवायची असेल तर ती डेव्हलप ब्रँचवर जाते, आणि तिला नवं पायथन लागतं. रेपोतल्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये नेमकी अट लिहिलेली असते. त्यासाठी दुसरा बेंच करा, चालू असलेला मोडू नका. मुंबईत २००८ साली रुषभ मेहतांनी सुरू केलेल्या कंपनीतून ईआरपीनेक्स्ट निघालं आणि जीपीएल ३ परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. आपल्या शहरातल्या कामात आपल्या भाषेची भर पडावी असं मला मनापासून वाटतं.

कुठे अडलात तर एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा, वरच्या वीस ओळींसकट. आणि आधी काय काय करून पाहिलं तेही लिहा. काही लपवायचं कारण नाही. तुम्हाला आलेली एरर आणखी दोघांना तरी आलेली असणार.

पिशवीत चार्जर, वही आणि असल्यास एक्स्टेन्शन बोर्ड. घरात तीन पिनांचे सॉकेट चारच आहेत. नाश्त्याला कांदेपोहे असतील. शनिवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने आपलं दगडफुलाचं बिल पीडीएफ करून मला पाठवा. ज्यांचं येणार नाही त्यांनी रविवारी दहाऐवजी साडेआठलाच या, आपण दोघं बसून ते उभं करू. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून निघा. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिमेची धीमी गाडी पकडावी, माटुंगा रोडनंतरचं स्टेशन माहीम.