काजू हंगामाआधी करायची माकडतापाची तयारी

सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरात किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ज्यांची काजूची बाग रानाला लागून आहे, त्यांनी माकडतापाची तयारी डिसेंबर उजाडण्यापूर्वीच करावी. कारण या तापाचा विषाणू माणसापर्यंत पोहोचवणाऱ्या ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या गोचिडीची पिल्ले साधारण डिसेंबर ते मे या काळात पातेऱ्यात दबा धरून असतात आणि काजू बी वेचण्याचे दिवसही याच काळात येतात. गोचीड म्हटले की गुराच्या कानाला चिकटलेला टपोरा दाणा डोळ्यांसमोर येतो. ही पिल्ले मात्र जेमतेम तिळाएवढी असतात, त्यामुळे ‘दिसली की काढू’ हा हिशेब येथे चालत नाही.

पूर्ण बाह्यांचा सदरा, फिक्या रंगाची लांब विजार, मोजे आणि गमबूट बाजूला काढून ठेवावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि गोचिडींना दूर ठेवण्यासाठी उघड्या अंगाला लावायच्या डीएमपी तेलाची आरोग्य केंद्रात चौकशी करावी. घरी परतताच कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी, काखा, जांघा व गुडघ्यांमागची जागा नीट तपासावी. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा विडीचा चटका हे उपाय टाळावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वन व आरोग्य विभागाचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूरच्या रानात हा आजार ओळखला गेला, तेव्हाही आधी माकडेच मरू लागली होती. मेलेल्या माकडाच्या थंड पडणाऱ्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आसपासच नव्या अंगाची वाट पाहतात, म्हणून मृत माकड दिसल्यास जवळ न जाता लगेच कळवावे.

चाव्यानंतर 3 ते 8 दिवसांत थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, म्हणजे रक्ताची तपासणी त्या दिशेने होईल. रक्तस्रावाचा धोका असल्याने अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी मनाने घेऊ नये. रुग्णापासून घरच्यांना लागण होत नाही, त्यामुळे त्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. मात्र काहींना आठवडा-दोन आठवड्यांनी ताप उलटतो आणि मेंदूशी निगडित लक्षणे दिसतात, तेव्हा बरे वाटताच बागेत धावण्याची घाई करू नये.