ऊस तुटला आणि कोल्हं प्लॉटवर आलं, तर

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं रिंगरोडला आमची कॉलनी. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की ग्रुपवर मेसेज ठरलेला: "मागच्या प्लॉटवर लांडगा आलाय, पोरं आत घ्या." लांडगा नसतो, कोल्हं असतं. दरवर्षी तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहिते.

आधी ओळख. कोल्ह्याची शेपटी झुपकेदार, खाली लोंबती, टोकाला काळी. अंगानं गावठी कुत्र्याहून बारीक, पाय सडपातळ, वजन दहा किलोच्या आसपास. खोकड त्याहून लहान, कान मोठे, आणि ते माळरानावरचं. उंदीर, खेकडे, बोरं, मेलेलं जनावर, जे मिळेल ते कोल्हं खातं. माणसावर चालून येणं हा त्याचा स्वभाव नाही.

मग कॉलनीत येतंच कशाला? आपण बोलावतो म्हणून. रविवारी मटण, बुधवारी मटण, आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला तर घरटी मटण. जेवणं उरकली की हाडकं पिशवीत बांधून मोकळ्या प्लॉटवर. "कुत्री खातात की, वहिनी!" खातात. आणि कुत्र्यांनी ठेवलेलं कोल्हं खातं, त्याच्या मागोमाग घुशी येतात, घुशींच्या मागं साप. मी हाडकं डब्यात घालून घंटागाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवते. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं, आता त्याच आठवण करतात. एवढं जमत नसेल तर घट्ट झाकणाची बादली घ्या आणि ती रात्री बाहेर ठेवू नका. कुत्र्यांना घालायचं तर दिवसा घाला, उरलेलं उचला. पेरूखाली पडलेले पेरूसुद्धा उचला.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी खुराड्याला बारीक भोकांची, जाड तारेची जाळी लावावी आणि ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण कोल्हं खालून उकरतं. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत. कडी अशी हवी की नाक लावून उघडणार नाही. कोंबडी गेल्यावर कोल्ह्याला शिव्या देणाऱ्यांच्या खुराड्याला मी अजून धड कडी बघितलेली नाही.

समोर आलं तर पळू नका. लहान पोर बरोबर असेल तर उचलून घ्या. ताठ उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्यानं ओरडायचं, ताटली वाजवायची. त्याला निघून जायला एक बाजू मात्र मोकळी ठेवा. कोंडलेलं जनावरच चावतं. दगड मारू नका. मोटारसायकली पाठीमागं घालून व्हिडिओ काढणाऱ्या पोरांचे आधी कान धरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्ह्याला संरक्षण आहे, त्याला मारणं किंवा पकडून परस्पर दुसरीकडं सोडणं गुन्हा आहे. आणि सोडून उपयोगही नसतो: हाडकं तिथंच असतील तर त्या जागी दुसरं येतं.

दिवसा दिसलं म्हणजे पिसाळलं असं नाही. पण लटपटत चालतंय, लाळ गळतेय, दिसेल त्याला चावतंय, तर सगळ्यांना आत घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. चावलं किंवा ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काही नाही. तिथून थेट सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना, आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. घरच्या कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

ज्यांचा ऊस कॉलनीला लागून आहे त्यांना एक विनंती. तोड गावाकडच्या बाजूनं सुरू करा आणि ओढ्याकडं सरकत न्या, म्हणजे आतलं जनावर तिकडून निघून जाईल. चारी बाजूंनी तोडत आत आलात तर शेवटच्या तुकड्यातनं ते तुमच्याच अंगावर निघणार. सरीत पिल्लं सापडली, रानमांजराची असोत नाहीतर बिबट्याची, तर उचलून घरी आणायची नाहीत. तोड तिथंच थांबवायची, माणसं लांब न्यायची, १९२६ ला कळवायचं. पिल्लं जागेवर असली तर आई रात्री येऊन घेऊन जाण्याची शक्यता चांगली असते.

पावसाळ्याचं वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली, की मी ४३ च्या धोका पातळीची वाट बघत नाही. बिळांत पाणी शिरलं की साप उंचावर येतात, आणि उंचावर म्हणजे आपल्या ओट्यावर. भिंतीलगतच्या विटा, फरश्या, जळण आधीच हलवायचं. मोरीला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, चपला-बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय नाही. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा चावा फारसा दुखतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी पाहिजे. साप घरात दिसला तर त्या खोलीचं दार लावा, फटीत टॉवेल कोंबा आणि सर्पमित्राला बोलवा. शक्य असेल तर खिडकीतून एकानं लांबून नजर ठेवावी. चावलाच, तर बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सीपीआर.

गव्याचं थोडक्यात. २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीवर आले आणि भुयेवाडीच्या एका तरुणाचा जीव गेला. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर गर्दीनं बिथरतं. गच्चीवरून बघा, गेट लावा, आरडाओरडा बंद. कोल्ह्याला वाजवलेली ताटली इथं वाजवायची नाही.

राहिलं छपरात धावणारं उदमांजर. रात्री ते बाहेर गेल्यावर भोक बुजवायचं, पण आत पिल्लं नाहीत याची आधी खात्री करून. असली तर ती मोठी होऊन निघेपर्यंत थांबायचं. बुजवायला पत्रा किंवा जाळी वापरा, गोणपाट कोंबलं तर ते ओढून काढतं.