घरच्या वर्कशॉपसाठी वजनं आणि मोजमापाची साधनं घेताना

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतीच कंपनीत लागलेली मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: घरी छोटं लेथ टाकलंय, मापायला काय घेऊ? त्यांचं बोलणं अर्ध्यावर असतानाच मोबाईल पुढे येतो. "मॅडम, हा कॅलिपर ०.०१ चा आहे, हजाराच्या आसपास मिळतोय. आणि हा वजनकाटा, तोही ०.०१ ग्रॅमचा."

भोसरीतल्या एका कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये मी बरीच वर्षं काढली. कंपनीभरातली मापनसाधनं तपासायची, नोंदी ठेवायच्या, बाद झालेली बाजूला काढायची, हे माझं काम. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते फारसं कुणाला आवडत नाही. ज्या साधनाची खात्री घरच्या घरी करता येणार नाही, ते आत्ता घेऊ नका. साधन घेतल्यावर मास्टरसाठी पैसे उरत नसतील, तर साधन एक पायरी स्वस्त घ्या, पण मास्टर घ्या. मास्टर म्हणजे काट्यासाठी वर्ग ठरलेलं वजन आणि मायक्रोमीटरसाठी (स्क्रूनं बारीक माप घेणाऱ्या साधनासाठी) स्लिप गेज, म्हणजे ठरलेल्या मापाचे अचूक ठोकळे. डिस्प्लेवरचा शेवटचा अंक काटा किती बारीक दाखवतो एवढंच सांगतो. तो खरा आहे की नाही, हे मास्टर ठेवल्याशिवाय कळत नाही.

वजनांपासून सुरुवात करते, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त अंदाजानं खरेदी करतात. वजनांचे वर्ग ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आर १११ या शिफारशीत ठरलेले आहेत: ई१, ई२, एफ१, एफ२, एम१, एम२, एम३, आणि मधले एक-दोन. ई१ सर्वांत काटेकोर, एम३ सर्वांत ढिला. प्रत्येक वर्गात प्रत्येक वजनाला किती चूक चालेल ते आकड्यात दिलेलं आहे. १०० ग्रॅमचं वजन एम१ मध्ये ५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे चालतं, एफ२ मध्ये १.६, एफ१ मध्ये ०.५. किलोच्या वजनाला हेच आकडे ५०, १६ आणि ५ मिलिग्रॅम.

आता तुमच्या काट्याकडे बघा. २०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरच्या वर्कशॉपमध्ये बहुतेकांकडे असतो. इपॉक्सी आणि हार्डनर मोजायला, ड्रोनची पाती जुळवायला, रंग मिसळायला. त्याचा एक अंक म्हणजे १० मिलिग्रॅम. २०० ग्रॅमच्या एम१ वजनाला चालणारी चूकही १० मिलिग्रॅमच. म्हणजे तुम्ही त्या वजनावर काटा कॅलिब्रेट केला, त्याचा आकडा जुळवून घेतला, तर वजनामुळेच एक अंक घसरू शकतो. आमच्यात साधा हिशोब असा, की मास्टरची चूक काट्याला चालणाऱ्या चुकीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. २०० ग्रॅमला एफ२ ची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे, तेव्हा इथे एफ२ घ्या. ५० ग्रॅमचा, ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर एफ२ पुरत नाही, कारण तिथे त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम, म्हणजे पुन्हा एक अंक. त्याला एफ१ लागेल, ०.३ मिलिग्रॅम. आणि स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा असेल तर एम१ सुद्धा जास्तच झालं. ई वर्गाचं वजन घरात आणू नका. त्याला साजेसा काटा तुमच्याकडे नसतो, आणि ते हाताळायची शिस्तही बहुधा नसते.

मी सुचवते ती जुळणी अशी: २०० ग्रॅमचं एकच वजन एफ२ मध्ये, फक्त कॅलिब्रेशनसाठी. सोबत १ ते १०० ग्रॅमचा एम१ संच, रोजच्या तपासणीसाठी. संचात १, २, २, ५, १०, २०, २०, ५०, १०० अशी वजनं येतात. एकाच मापाची दोन वजनं असतात, त्यातल्या एकावर ओळखीसाठी ठिपका किंवा तारा असतो. नोंदीत "ठिपक्याचं २०" असं लिहायची सवय लावा, कारण ती दोन्ही अगदी एकसारखी कधीच नसतात. एक ग्रॅमखालची वजनं पत्र्याची असतात आणि त्यांचा आकारच किंमत सांगतो: त्रिकोणी म्हणजे १ ची घराणी (१००, १० मिलिग्रॅम), चौकोनी २ ची, पंचकोनी ५ ची. चिमट्यानं उचलायची. पंख्याखाली पेटी उघडलीत तर मिलिग्रॅमचं वजन शोधत बसाल.

संच असल्याचा खरा फायदा म्हणजे तो स्वतःची साक्ष स्वतःच काढतो. काट्यावर ५० ठेवा, आकडा लिहा. ते काढून दोन्ही २० आणि १० ठेवा. ०.०१ च्या काट्यावर फरक एक अंकाच्या आत राहायला हवा. तो दोन-तीन अंकांचा आला आणि पुन्हा पुन्हा तसाच आला, तर संचातलं एखादं वजन झिजलंय, घाण झालंय किंवा मुळातच खोटं आहे. काटा चुकत असला तरी तो दोन्ही वेळा जवळपास सारखाच चुकतो, म्हणून दोष वजनाकडे बोट दाखवतो. मग एकेक करून दोन्ही २० समोरासमोर, १० विरुद्ध ५, २, २, १ असं लावत गेलं की गुन्हेगार सापडतो.

काट्याच्या तपासण्या तीनच करा, पण नियमित. एकच वजन दहा वेळा ठेवून काढा आणि आकडा किती हलतो ते बघा. तेच वजन पारड्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवा. आणि २०, ५०, १००, २०० असं चढत जा, मग तसंच उतरा. कोपऱ्यांवर फरक आला तर पुढचं काहीही करायच्या आधी काटा लेव्हलमध्ये आहे का, खाली पाय नीट टेकलेत का, ते बघा. सुरू केल्यावर काही मिनिटं तापू द्या. पंखा बंद.

एक गोष्ट नव्या लोकांना पटत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, खाली ओढणारं बल मोजतो. मुंबईत कॅलिब्रेट करून आणलेला काटा पुण्यात २०० ग्रॅमला दोन-तीन अंक कमी दाखवू शकतो, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि इथलं गुरुत्व किंचित कमी आहे. म्हणून कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन आलाय या भरवशावर राहू नका. काटा जिथे वापरणार तिथेच, तुमच्या वजनावर, कॅलिब्रेट करा. दोन पारड्यांच्या तराजूला ही भानगड नसते, दोन्ही पारडी सारखीच ओढली जातात.

ऑनलाइन मिळणाऱ्या चकचकीत वजनांवर नुसतं "१०० ग्रॅम" लिहिलेलं असतं, वर्ग लिहिलेला नसतो. ती मास्टर म्हणून धरू नका. त्यातली काही लोखंडावर मुलामा दिलेली असतात, सुईच्या होकायंत्राजवळ नेली की सुई झुलते. मास्टर वजन स्टेनलेस स्टीलचं, वर्ग आणि क्रमांक असलेलं, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह घ्या. आणि हे लक्षात ठेवा, की असं वजन आणि असा काटा घरच्या कामाला आहे. काही तोलून विकायचं असेल तर वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतो. तो २००९ च्या कायद्याचा भाग आहे, प्रमाणपत्रानं भागत नाही.

प्रमाणपत्र वाचायला शिका. "एनपीएलशी सुसंगत" (एनपीएल म्हणजे देशाची मूळ मापं सांभाळणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) असं मोघम लिहिलेल्या कागदाला अर्थ नाही. तुमच्या वजनाचा क्रमांक, प्रत्यक्ष मिळालेली किंमत, आणि अनिश्चितता (ती किंमत किती इकडे-तिकडे असू शकते), हे तिन्ही आकडे हवेत. पुढची तारीख छापलेली नसली तर घाबरू नका. आयएसओ १७०२५ नुसार प्रयोगशाळा ती आपणहून लिहीत नाही, ग्राहकाशी ठरलं असेल तरच लिहिते. मुदत तुम्ही ठरवायची.

आता लांबीकडे. पहिला कॅलिपर १५० मिलिमीटरचा घ्या, आणि माझं ऐकाल तर साधा व्हर्नियर, ०.०२ चा. बॅटरी नाही, आणि मुख्य म्हणजे मोजणाऱ्याला वाचायला शिकवतो. डिजिटल घ्यायचाच असेल तर ०.०१ दाखवणारा चांगल्या कंपनीचा कॅलिपरही साधारण ०.०२ चीच हमी देतो, हे माहीत असू द्या. कॅलिपरच्या रचनेतच एक उणीव आहे: मोजायची वस्तू जबड्यांत आणि पट्टी वरच्या बाजूला, दोन्ही एका रेषेत नाहीत. जबडा किंचित कलला तरी माप बदलतं. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व हेच सांगतं. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि वस्तू एका रेषेत असतात, म्हणून ज्या मापाला ०.०१ महत्त्वाचा आहे ते मायक्रोमीटरनंच घ्यायचं. तपासायला सोपं आहे: एकच पिन कॅलिपरच्या जबड्यांच्या टोकाशी धरून मोजा आणि मग मुळाशी धरून मोजा.

मायक्रोमीटर एकच घ्या, ० ते २५. पुढचे लागतील तेव्हा. मितुतोयो परवडला तर उत्तम, नाहीतर पुण्याच्या बेकर गेजेसचं सामानही इथल्या शॉपफ्लोअरवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जुना बाजार, मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे जुने मायक्रोमीटरही मिळतात आणि चांगले मिळतात, पण तिथे जाताना खिशात एक स्लिप गेज ठेवा. दुकानदार रागावत नाही, उलट माल खोक्यातून बाहेर काढतो.

८७ नगांचा स्लिप गेजचा संच घरी नकोच. मायक्रोमीटर तपासायला मोजके नग पुरतात, आणि ते कोणते हे ठरलेलं आहे: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८, २५. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यात गंमत आहे. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकतो ते अंतर, ०.५ मिलिमीटरचा. ५, १०, १५ असे नग घेतले, तर थिंबल (फिरवायची, खुणा असलेली नळी) दर वेळी शून्यावरच येऊन थांबेल आणि एका फेऱ्यातला दोष कधी दिसणारच नाही. ५.१ ला ती एक पंचमांश फेरा पुढे थांबते, ७.७ ला दोन पंचमांश. असा पूर्ण फेरा तपासून होतो. आयएसओ ३६५० चा ग्रेड २ हा सगळ्यात खालचा, तरी २५ मिलिमीटरपर्यंत त्याची चूक अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच असते. घराला याहून जास्त लागत नाही.

एवढेही पैसे नसतील तर बेअरिंग घ्या. नामांकित कंपनीचं नवं ६२०५: आतला व्यास २५, बाहेरचा ५२. साध्या अचूकतेच्या वर्गात आतला व्यास २५ पेक्षा जास्त नसतो आणि फार तर १० मायक्रॉननं कमी असतो, बाहेरचा १३ मायक्रॉनपर्यंत कमी. कॅलिपरच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही जबड्यांची तपासणी यावर होते. रुंदी मात्र मास्टर म्हणून धरू नका, तिला १२० मायक्रॉनपर्यंत सूट असते.

डायल गेज (बारीक हालचाल तबकडीवर दाखवणारं साधन) आणि मॅग्नेटिक स्टँड नंतर घ्या. लेथचं चक (जॉब पकडणारा भाग) तपासायला, चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, मध्यावर आणायला त्याचा जेवढा उपयोग आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही. पपी डायल (लिव्हरचा छोटा डायल) त्यानंतर. गुण्या चांगला घ्या. ग्रॅनाइट प्लेट मोहक असते, पण हाइट गेज नसेल तर ती नुसतं टेबल अडवते.

तापमान. सगळी मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि आपलं वर्कशॉप मे महिन्यात ३५ च्या वर. पोलादाचा जॉब, पोलादाचं साधन, दोन्ही सारखी तापलेली असतील तर दोघं सारखीच वाढतात आणि काम भागतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट वाढतं. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब ३५ अंशांना पोलादी साधनावर साधारण १७ मायक्रॉन जास्त दाखवेल. तो ताजा कापलेला, हाताला गरम लागणारा असेल, तर याहून बराच जास्त. जॉब आणि मायक्रोमीटर लोखंडी प्लेटवर शेजारी तासभर ठेवा, मग शेवटचं माप घ्या.

पावसाळ्यात स्लिप गेजवर बोटांचे ठसे गंजून उमटतात. वापरून झालं की पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, सिलिका जेलसह डब्यात ठेवा. मायक्रोमीटर ठेवताना तोंडं एकमेकांना टेकलेली नकोत.

यातून नोकरी मिळते का, असंही विचारतात. क्वालिटीच्या मुलाखतीत समोर मायक्रोमीटर आणि एखादी पिन ठेवतात. लीस्ट काउंट (साधन वाचू शकतं ते सगळ्यात लहान माप) विचारतात, ते सगळ्यांना येतं. बघणारा बघत असतो तो तुमचा हात: तोंडांमध्ये पांढरा कागद हलका धरून ओढून ती साफ केली का, शून्य बघितलं का, रॅचेटनं (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या कळीनं) बंद केलं की थिंबल धरून आवळलं, एकाच जागी मोजलं की पिन फिरवून दोन-तीन जागी. घरी स्लिप गेजवर महिनाभर रोज पंधरा मिनिटं बसलात तर हे आपोआप येतं. तपासणीची वही तारखेसह ठेवा आणि मुलाखतीला घेऊन जा. माझ्याकडे येणाऱ्या उमेदवारांत अशी वही आणणारे फार थोडे असतात, आणि त्यांना मी पुढचा प्रश्न त्या वहीतूनच विचारते.