परदेशातील शाखेत व्यवस्थापन पद्धत रुजवताना

एका देशात यशस्वी ठरलेली व्यवस्थापन पद्धत दुसऱ्या देशातील शाखेत न्यायची असेल, तर ती मूळ ठिकाणी कशाच्या आधारावर उभी आहे, हे सर्वप्रथम लिहून काढावे. नियमपुस्तिकेत हे आधार सहसा सापडत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्यांच्या इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांची नोंद करावी, असे त्यांना वाटतच नाही.

टोयोटाच्या कारखान्यातील ‘अँडॉन’ची दोरी पाहा. जुळणी करताना दोष दिसला की कामगार डोक्यावरची दोरी ओढतो; फलकावर दिवा लागतो, धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचण्याआधी अडचण सुटली, तर इशारा रद्द होतो. न सुटल्यास उत्पादनाचा पट्टा थांबतो. ही दोरी कुठेही बसवता येईल. परंतु लगेच येऊ शकेल असा गटप्रमुख, पट्टा थांबवल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत याची खात्री आणि सुधारणा सुचवल्याने आपलीच नोकरी जाणार नाही हा विश्वास, या तिन्ही गोष्टी दोरीबरोबर पाठवता येत नाहीत. त्या नव्या ठिकाणी उभाराव्या लागतात.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा 1982 मध्ये बंद पडलेला कारखाना टोयोटाबरोबरच्या भागीदारीत 1984 मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा नेमके हेच केले गेले. कामगार बहुतांशी जुनेच होते आणि गैरहजेरीसाठी तो कारखाना कुप्रसिद्ध होता. शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला नेण्यात आले, कामगार संघटनेशी करार करून नोकरकपात शेवटचा उपाय मानण्यात आली, आणि पुढे मागणी घटली तेव्हा कामगारांना काढून न टाकता प्रशिक्षणाला बसवण्यात आले. जनरल मोटर्सच्याच व्हॅन नाइस येथील कारखान्यात मात्र ही पद्धत रुजली नाही. राज्य तेच, देश तोच. त्यामुळे प्रत्येक अपयशाचे खापर ‘तिथल्या संस्कृती’वर फोडण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

संस्कृतीचा फरक अर्थातच खरा आहे. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेडे यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासून देशांची तुलना केली; त्यात वरिष्ठ-कनिष्ठांमधील सत्तेची दरी दाखवणाऱ्या निर्देशांकावर मलेशियाचे 104, तर डेन्मार्कचे 18 गुण आले. ही सरासरी आहे. समोर बसलेल्या माणसाविषयी ती काहीच सांगत नाही. तरीही तिचा उपयोग होतो. ‘साहेबांच्या चुका बैठकीत उघड सांगा’ ही प्रथा दरी मोठी असलेल्या ठिकाणी न्यायची असेल, तर प्रथेचा हेतू आणि तिचे रूप वेगळे करावेत. वाईट बातमी वरपर्यंत वेळेवर पोचावी, हा हेतू. तो गटाच्या नावाने दिलेल्या लेखी सूचनांमधून किंवा विश्वासू मध्यस्थामार्फतही साधतो. हेतू राखावा, रूप बदलू द्यावे.

वेतन आणि शिस्त यांना हात लावण्यापूर्वी स्थानिक कायदा आणि कामगार प्रतिनिधी, दोघांनाही विचारावे. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या आचारसंहितेतील काही कलमे 2005 मध्ये जर्मन कामगार न्यायालयाने अमान्य केली. अमेरिकेत नगावारी मजुरी आणि वार्षिक बोनस यांवर भरभराटीला आलेल्या लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंगची साधने बनवणाऱ्या कंपनीने परदेशात झपाट्याने कारखाने घेतले. अनेक ठिकाणी ती वेतनपद्धत लागू झालीच नाही, आणि 1992 व 1993 मध्ये कंपनीला तोटा सोसावा लागला.

यानंतर एखाद्या विभागात प्रयोग करावा आणि तो स्थानिक व्यवस्थापकाच्या हाती द्यावा. मुख्यालयाच्या माणसाने शेजारी बसावे, खुर्चीत नव्हे.

सर्वांत फसवा धोका कागदोपत्री स्वीकाराचा असतो. मुख्यालय मागते म्हणून तक्ते भरले जातात, बैठका होतात, प्रत्यक्षातले काम जुन्याच रीतीने चालते. म्हणून अहवालातील टक्केवारीवर विसंबू नये. महिनाभरात दोरी एकदाही ओढली गेली नसेल, तर दोष संपले असे न मानता ती ओढायला लोक कचरत आहेत, असे धरून चालावे. ओढली गेली असेल, तर शेवटच्या वेळी ती ओढणाऱ्या कामगाराला गाठून, पुढच्या पाच मिनिटांत कोण आले आणि काय म्हणाले, एवढेच विचारावे.