आठवी-नववीच्या पोरांसाठी ‘बनगरवाडी’वर लिहायचं तर

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. दर महिन्याला त्यावर एका पुस्तकाबद्दलचा कागद लावायचं काम माझ्याकडे. वाचणारे आठवी ते दहावीचे, तेही क्लास सुटल्यावर, पाठीला दप्तर आणि एक पाय सायकलच्या पायडलवर. तेवढ्यात जे वाचून होईल तेच लिहायचं. माझ्या हिशेबाने दोनशे शब्द.

‘बनगरवाडी’ माझी सगळ्यात लाडकी कादंबरी, आणि म्हणूनच तिच्यावरचा माझा पहिला कागद सगळ्यात वाईट उतरला. सुरुवात अशी होती: ‘व्यंकटेश माडगूळकरांची 1955 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण करते.’ नववीतल्या एकाने वाचलं आणि विचारलं, “काकू, हे किती मार्कांना येतं?” कागद त्याच संध्याकाळी उतरवला.

तेव्हापासून लाडक्या पुस्तकाचा पहिला कागद मी स्वतःसाठीच लिहिते. त्यात हवं तेवढं गहिवरून घ्यावं. माझे वडील एकशिक्षकी शाळेत मास्तर होते, स्टोव्ह आणि वळकटी घेऊन एस.टी.तून उतरायचे, हे सगळं त्यात येतं. पोरांना त्याचं काय? तो कागद घडी घालून पुस्तकात ठेवायचा नि दुसरा घ्यायचा.

दुसऱ्यावर आधी त्यांच्या वयाला भिडणारं काय ते शोधा. इथे तो कादंबरीतला मास्तरच आहे. स्वतःच पोरसवदा, पहिली नोकरी, माणदेशातली धनगरांची वाडी, आणि शाळेत पोरंच नाहीत, कारण ती मेंढरांमागे रानात. नवीन शाळेत मधल्या सुट्टीत एकटं उभं राहिलेलं पोर ही अवस्था लगेच ओळखतं. माझी आताची पहिली ओळ: ‘तुम्हाला एका गावात पाठवलंय. तिथे तुमचं कुणी नाही, आणि अख्खं गाव तुम्हाला जोखतंय.’

मग एकच प्रसंग घ्या, पण जवळून. मी वाडीतल्या शेकूचा घेते. त्याच्याकडे एकच बैल. शेत तर करायचंय. दुसऱ्या बाजूला जू, म्हणजे बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड, खांद्यावर घेते त्याची बायको. हे लिहिताना हात आवरावा लागतो. आधी मी ‘हृदय पिळवटून टाकणारा प्रसंग’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. आता फक्त ‘एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला बायको’ एवढंच आहे आणि खाली काही नाही. दहावीतली एक मुलगी ते वाचून म्हणाली, “काकू, आणि तो नवरा मागून हाकतो?” ती पुस्तक घेऊन गेली.

प्रेमबीम आहे का, हे विचारतातच. खोटं सांगू नका. वाडीतली अंजी नावाची पोरगी आहे, मास्तरकडून शिवून आणायची चोळी आहे, आणि त्यावरून होणारा गैरसमज आहे. त्यापुढे बोलू नये. ‘लव्हस्टोरी’ म्हणालात तर पोरं चार पानांत फसवणूक ओळखतील.

पुस्तक संथ आहे, हेही लिहून टाका. खलनायक नाही, पाठलाग नाही. माणसं येतात, बोलतात, निघून जातात. मी लिहिते, ‘पहिली वीस पानं दम धरा.’ आवडत्या पुस्तकाची उणी बाजू सांगायला जीव धजत नाही, पण ती सांगितली की बाकीच्यावर त्यांचा विश्वास बसतो.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. आनंदा रामोशी हा पुस्तकातला फार गोड माणूस. त्याच्याबद्दल मी ‘गावातला रामोशी चोर’ असं सरळ लिहून ठेवलं होतं. फळ्यासमोर त्या समाजाचं पोर उभं असू शकतं. माणूस त्याच्या नावाने आणि त्याच्या वागण्याने सांगा, जातीला विशेषण लावून नाही.

बोलीभाषेचे अर्थ देत बसू नका. शब्दार्थ दिसले की पुन्हा मार्कांचा वास येतो. ‘जू’ तेवढं सांगते, कारण शहरी पोरांना ते डोक्यातलं वाटतं आणि प्रसंगाचं हसं होतं.

गोष्ट कुठे थांबवायची? मी तालमीपाशी, म्हणजे व्यायामशाळेपाशी थांबते. मास्तर गावाला हाताशी धरून तालीम उभी करायला निघतो, पुढे काय होतं ते त्यांनी वाचावं. इथेही सांगणार नाही.

लेखक, साल, प्रकाशन हे सगळं तळाला, बारीक अक्षरात. अमोल पालेकरांनी यावर चित्रपट केलाय, तेही तिथेच. एकदा तो वर लिहिला, तर तिघांनी मोबाइल काढून तिथेच उभ्या उभ्या शोधला आणि पुस्तक कपाटातच राहिलं.