पूर ओसरल्यावर डिझेल पुरवायचं कसं : रब्बीच्या तोंडावरचा सल्ला

ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि कोल्हापूरकडे येणारे टँकर वाटेतच अडकले. पंपांवर जे इंधन शिल्लक होतं, ते अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं. जुलै 2021 मध्ये तोच रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला. सप्टेंबर 2025 मध्ये ही पाळी सीनाकाठच्या माढा, मोहोळ, करमाळा, परंडा भागावर आली. नदी वेगळी असली तरी पुढचा आठवडा सगळीकडे सारखाच असतो. पाणी उतरू लागलं की मोटार बाहेर काढणं, विहीर उपसणं, साचलेलं पाणी काढून देणं, गाळ सारणं, मशागत, पेरणी अशी सगळी कामं एकदम अंगावर येतात. नेमकं तेव्हाच डिझेल मिळत नाही. मिळालं तर गल्लीत कॅनमधून चढ्या भावानं मिळतं, आणि ट्रॅक्टरचं भाडंही त्याच हिशोबानं चढतं.

फिल्टर, टायर, नोझल यांनी डिझेल वाचतं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण पूरग्रस्त शेतात सगळ्यात मोठी बचत दोन निर्णयांत आहे. ट्रॅक्टर रानात कधी घालायचा आणि कुठलं काम या हंगामात सोडूनच द्यायचं, हे ते दोन निर्णय. हे दोन चुकले, तर बाकी सगळी काटकसर वाया जाते.

हातातलं डिझेल आधी कुठं घालायचं

माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी सगळ्यात आधी. त्यानंतर उभ्या पिकातलं साचलेलं पाणी बाहेर काढणं. पण त्यासाठी लगेच इंजिन लावू नका. रानाच्या कडेनं एकदा फिरा, उतार कुठं आहे, ओढ्याकडे जायची जुनी वाट कुठं बुजली आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी बांधाला एक तोंड पाडलं आणि फूट-दीड फूट खोल चर मारला की पाणी आपोआप निघून जातं. चार माणसांच्या अर्ध्या दिवसाच्या खोरं-पाटीत जे होतं, त्यासाठी दिवसभर इंजिन चालवण्यात अर्थ नाही. खोलगट, बशीसारख्या रानात मात्र इंजिनाशिवाय इलाज नसतो. तिथं ते लावा, पण शेजारच्यांना सोबत घेऊन, म्हणजे एकाच्या रानातलं पाणी दुसऱ्याच्या रानात ढकलण्याचा आणि त्यानं परत काढण्याचा खेळ होणार नाही.

विहीर उपसायची घाई तर अजिबात करू नका. आजूबाजूची जमीन तुडुंब भरलेली असताना विहीर उपसली, तर पाझर तितक्याच वेगानं आत येतो आणि तेच पाणी परत परत उपसत बसावं लागतं. शिवाय आतलं पाणी झपाट्यानं खाली गेलं की बाहेरच्या ओल्या मातीचा दाब कडांवर येतो आणि कच्च्या विहिरी ढासळतात. नदी पात्रात परतू द्या, भोवतालची जमीन निथळू द्या, मगच गाळ काढा. काढण्याआधी फोटो आणि पंचनामा करून ठेवा. 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारनं जे पॅकेज दिलं, त्यात बाधित विहिरीला 30 हजार रुपये होते. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची तरतूद होती. ज्याची जमीन खरडली आहे, त्यानं एकट्यानं पोकलेन बोलावून माती भरायला सुरुवात करू नये. डिझेल महाग असताना यंत्राचा प्रत्येक तास अंगाला लागतो. रोजगार हमीतून काय बसतं ते आधी ग्रामपंचायतीत विचारा आणि यंत्र आणायचंच झालं तर शिवारातल्या चौघांनी मिळून आणा, म्हणजे येण्याजाण्याचं भाडं वाटून जाईल.

बुडालेलं यंत्र चालू करून बघू नका

ट्रॅक्टर किंवा इंजिन पाण्यात होतं आणि आता वरून सुकलेलं दिसतं, म्हणून स्टार्टर मारण्याचा मोह होतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलेलं आहे. ते पूर्ण काढून टाका, ऑइल फिल्टर बदला, एअर क्लीनर उघडून साफ करा. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइलही तपासा. इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडतं, पण हे काम मेकॅनिकच्या हातून करून घ्या.

टाकीतलं डिझेल मात्र सगळं ओतून देण्याची गरज नसते. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पाणी आणि गाळ तळाला बसतो. ट्रॅक्टर दिवसभर न हलवता उभा ठेवा, मग टाकीखालचा ड्रेन प्लग सैल करून पारदर्शक बाटलीत धरा. आधी गढूळ पाणी येईल, मग पाणी आणि डिझेल यांची रेघ दिसेल, मग निव्वळ डिझेल. पुराचं पाणी थोडंच शिरलं असेल, तर वरचं डिझेल वाचतं. टाकी पूर्ण बुडून गाळानं भरली असेल, तर ते डिझेल इंजिनात घालू नका. त्यात वाचलेले पैसे इंजेक्शन पंपाच्या दुरुस्तीत जातात. विजेच्या मोटारीचंही तसंच. वाइंडिंग सुकवून, मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) तपासून घेतल्याशिवाय बटण दाबू नका.

वाफसा येईपर्यंत थांबा

या सल्ल्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. पुरानंतर मन थाऱ्यावर नसतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू झाला की आपलाही सुरू व्हावा असं वाटतं. पण कृष्णाकाठच्या काय किंवा सीनाकाठच्या काय, काळ्या रानात ओल जास्त असताना नांगर घातला की चाकं जागेवर फिरतात. फिरणाऱ्या चाकातून जाणारं डिझेल कुठलंच काम करत नाही. मागे उलथून पडतो तो चिखलाचा तुकडा, आणि ऊन लागलं की त्याचं दगडासारखं ढेकूळ होतं. मग ते फोडायला रोटाव्हेटर, एकदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा. वर चाकांच्या वजनानं खालचा थर दाबला जातो, पुढच्या पावसात तिथंच पाणी साचतं. आठ दिवसांच्या घाईपायी एका पाळीच्या जागी तीन पाळ्यांचं डिझेल जातं.

वाफसा म्हणजे मशागतीला योग्य एवढीच ओल मातीत असणं. तो ओळखायला यंत्र लागत नाही. वरची माती बाजूला सारून वितीभर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून लगदा आला किंवा तळहाताला चिकटून राहिली, तर रान तयार नाही. गोळा झाला, पण अंगठ्यानं हलकं दाबताच भुसभुशीत फुटला, तर वाफसा आहे. ही मूठ बांधाजवळ न घेता रानाच्या मध्यावर आणि सखल भागात घ्या, कारण बांधाकडचा भाग आधी सुकतो आणि फसवतो. सगळं रान एकदम वाफशावर येत नसेल, तर आलेला तुकडा आधी करा.

उशीर होईल ही भीती रास्त आहे, पण कॅलेंडर उघडून बघा. बागायती हरभऱ्याची पेरणी 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरपर्यंत चांगली साधते, बागायती गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुरानंतर थांबायला बहुतेक ठिकाणी वेळ असतो.

नांगरट सोडून द्या

मशागतीच्या कामांत नांगरटीला सर्वांत जास्त डिझेल लागतं. सोयाबीन, उडीद, मूग निघालेल्या रानात हरभऱ्यासाठी नांगरट लागतच नाही. तण फार नसेल तर एक वखराची पाळी आणि पेरणी एवढं पुरतं. भातानंतर तर मशागत न करता, अंगच्या ओलीवर वाल, हरभरा, जवस घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात लाखोळी, जवस फोकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. कोकणात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा तंत्रही याच अंगानं जातं. गादीवाफे एकदा करायचे आणि पुढे नांगरणी, चिखलणी न करता त्यांवरच पीक फिरवत राहायचं. या वर्षी सगळ्या रानाला नको वाटलं, तर दोन एकरांवर करून बघा. फक्त हेही लक्षात ठेवा की पुरानं जिथं जाड गाळ किंवा वाळूचा थर आणून टाकला आहे, तिथं हे चालणार नाही. तिथं थर आधी हलवावा लागेल किंवा मातीत मिसळावा लागेल. डिझेल तिथंच घाला.

पाणी साचून राहिलेल्या रानात मर रोग (उभं झाड वाळून जाणं) वाढतो. म्हणून हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाला आवर घालणारी मित्रबुरशी) आणि रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) लावूनच पेरा. दुबार पेरणीइतकं महाग काही नाही.

नांगर चालवायचाच असेल तेव्हा तीन गोष्टी बघा. फाळ झिजलेला नसावा. मागच्या टायरमध्ये हवा रानाच्या कामापुरती असावी, रस्त्याच्या वाहतुकीइतकी भरलेली नसावी. आणि ट्रॅक्टर धुराडं काळं करत असेल, तर तो जास्त ताणला जातो आहे, एअर क्लीनर तुंबला आहे किंवा नोझल खराब आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. गळतीकडेही कानाडोळा नको. सेकंदाला एक थेंब ठिबकत असेल तर दिवसाला चार लिटरच्या आसपास जातं. तुकडे लांबट करून नांगरले की वळणं कमी होतात, तेवढा वेळ आणि तेवढं डिझेल वाचतं.

पाण्याच्या पाळ्या

पुरानंतर विजेचे खांब आणि डीपी उभे राहायला कधी कधी रब्बीचा अर्धा हंगाम जातो आणि पाणी डिझेल इंजिनवर द्यावं लागतं. पाच एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर डिझेल घेतं, हे धरून हिशोब करा. इंजिन पाण्याच्या जितकं जवळ, तितकं बरं. फूट व्हॉल्व्हच्या (पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेच्या) जाळीत पुराचा कचरा अडकलेला असतो, तो काढा. पाइपलाइनमध्ये जिथं काटकोनी एल्बो आहेत, तिथं लांब वळणाचे बेंड बसवा. पाइपाचं तोंड उगाच उंचावर नेऊन पाणी खाली सोडू नका, जेवढी उंची तेवढं डिझेल. ठिबक असेल तर फिल्टर आणि लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची) शेवटची टोकं उघडून गाळ वाहू द्या. तुंबलेल्या फिल्टरमागे इंजिन नुसतंच धापा टाकतं.

गव्हाला एकच पाणी जमत असेल तर पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्या. दोन जमत असतील तर 20 ते 22 दिवसांनी आणि 60 ते 65 दिवसांनी. तीन असतील तर या तिन्ही वेळा साधा. हरभऱ्याला पाणी कमीच लागतं. काळ्या रानात जादा पाण्यानं तो उभळतो (पिवळा पडून वाळतो), म्हणून फांद्या फुटताना आणि घाटे भरताना हलकं पाणी पुरे. सरीतल्या पिकाला एक आड एक सरी भिजवली, तर पाणी आणि इंजिनाचे तास दोन्ही वाचतात.

भाडं, सावड आणि खरेदी

ट्रॅक्टर भाड्यानं घेताना तासावर ठरवलंत की एकरावर, हे आधीच बोलून घ्या. ओल्या, घसरत्या रानात तासाचा दर शेतकऱ्याच्या अंगावर येतो आणि एकराचा दर ट्रॅक्टरवाल्याच्या. वाफशावर आलेल्या रानात तासाचा दर परवडतो. डिझेलमुळे भाडं वाढवलं तर ते किती दिवसांसाठी, हेही सगळ्यांसमोर ठरवा, कारण चढलेलं भाडं सहसा खाली येत नाही. ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत गावाचा एक दर ठरला तर वादच राहत नाही. ट्रॅक्टरवालाही आपलाच माणूस असतो, पुरात त्याचंही नुकसान झालेलं असतं, हे मनात ठेवून बोला.

आणि सावड, इर्जिक या एकमेकांच्या रानात आळीपाळीनं, मिळून काम करण्याच्या जुन्या रीतींना पुन्हा वेळ द्या. ज्यांच्या दावणीला अजून बैलजोडी आहे, त्यांचं मोल अशा वेळी कळतं. पाळी, कोळपणी, पेरणी ही कामं बैलांनी होतात. भाजीपाला आणि दूध नेतानाही पाच जणांनी पाच गाड्या काढण्यापेक्षा एक टेम्पो भरून काढा. रस्ते बंद झाले आणि दूध संकलन थांबलं, तर खवा आणि तूप करण्याची तयारी घरात ठेवा. जनावरांना लांबून वैरण आणण्याआधी जवळच्या शिवारात उसाचं वाढं, मका मिळतो का ते बघा.

गल्लीतलं कॅनमधलं डिझेल शक्यतो घेऊ नका. त्यात रॉकेल मिसळलेलं असलं तर इंजेक्शन पंपाचं वंगण जातं आणि तो झिजतो. जो पंप पाण्याखाली होता, तिथून पहिल्यांदा भरताना टाकीत पाणी शिरलं नाही ना, तपासणी झाली का, हे विचारा. घनता दाखवा म्हणण्याचा आणि पाच लिटरच्या मापात मोजून दाखवा म्हणण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे.

पुढच्या जूनआधी गटानं मिळून थोडा साठा करणं शक्य आहे. कायद्यानं एका जागी 2500 लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, मात्र एकाही भांड्यात 1000 लिटरपेक्षा जास्त नको. पेट्रोलला ही सवलत नाही, ते घरात साठवू नका. दोन-तीनशे लिटरही एका वस्तीला पुष्कळ होतात. ड्रम पत्र्याचा, घट्ट झाकणाचा असावा, राहत्या घरापासून आणि चुलीपासून दूर, सावलीत, आणि 2019, 2021 किंवा 2025 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर ठेवलेला असावा. जवळ वाळूच्या बादल्या ठेवा. ड्रम किंचित कलता ठेवून वरच्या बाजूनं डिझेल काढा, म्हणजे तळाचा गाळ आणि दवाचं पाणी खालीच राहील. कुणी किती नेलं याची वही ड्रमजवळच टांगून ठेवा. पाऊस संपला की उरलेलं डिझेल आधी रब्बीच्या पेरणीला वापरून टाका आणि नवा साठा पुढच्या मे महिन्यातच करा.